लिप बामशिवाय ओठ राहतच नाहीत? काउंटरवर नेहमी येणारे प्रश्न

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. दिवाळी उरकली, यवतेश्वराकडून गार वारं खाली उतरायला लागलं, की लिप बामचा खप वाढतो. तो वाढायचाच, थंडीत ओठ उलतात. मला काळजी वाटते ती पंधरा दिवसांत कांडी संपवून परत येणाऱ्यांची. साडेचार ग्रॅमची कांडी बेताने वापरली तर दोन महिने सहज पुरते. फार्मसी शिकूनही मी स्वतः नऊ वर्षं याच फेऱ्यात होते, म्हणून गिऱ्हाईक ज्या अडचणीत उभं असतं ती मला समोरून दिसते. लोक जे विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

लिप बामचं व्यसन लागतं का?

तंबाखूचं लागतं तसं नाही. मिश्रीत आणि तंबाखूत निकोटिन असतं, ते मेंदूला पकडतं. बाममध्ये असं काही नसतं. पण "व्यसन नाही" म्हटलं म्हणजे सोडणं सोपं आहे असं कुणी समजू नये. आपल्या भाषेत याला अचूक शब्द आहे, चाळा. कुणी नखं खातं, कुणी केसांच्या बटेशी खेळतं, तसा हा ओठांचा चाळा. फरक एवढाच की या चाळ्यात ओठ खरोखर दुखत असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी हात कांडीकडे गेला की आपल्याला वाटतं, मी उपचार करतेय.

जितका लावते तितके ओठ जास्त सुकतात. असं का होतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

ओठांचा लाल भाग म्हणजे चेहऱ्याची कातडी आणि तोंडातलं ओलं अस्तर यांच्यामधली पट्टी. तिच्यावरचं संरक्षक पुट फार पातळ असतं. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात, तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नसतातच. त्यामुळे गालापेक्षा ओठांतलं पाणी लवकर उडून जातं. साताऱ्याची हिवाळी हवा कोरडी, दहिवडी-वडूजकडे तर उन्हाळाभर कोरडी. ओठ सुकायला एवढं पुरतं.

आता बाम बघा. नुसतं मेण, तेल किंवा पेट्रोलियम जेली असेल तर ते भांड्यावर झाकण ठेवावं तसं काम करतं, आतलं पाणी आत राहतं. पण बऱ्याच कांड्यांत गारवा वाटावा म्हणून मेंथॉल, कापूर किंवा निलगिरीचं तेल घातलेलं असतं. मेंथॉलने ओठ गार होत नाही. मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा ओळखणारे संवेदक असतात, मेंथॉल त्यांनाच जागं करतं आणि मेंदूला वाटतं गार लागलं. (हा संवेदक शोधताना मेंथॉलच वापरलं होतं. तो शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना स्पर्श व तापमानाच्या संवेदकांवरील कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं.) ती गार जाणीव थोड्या वेळात ओसरते, मग ओठ आधीपेक्षा कोरडे वाटतात. शिवाय फुटलेल्या ओठांना मेंथॉल आणि कापूर चुरचुरतात. काही बाममध्ये साल काढण्यासाठी सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते तर उललेल्या ओठाला नकोच.

तिसरी गोष्ट जीभ. स्ट्रॉबेरीच्या चवीचा, गोडसर बाम लावला की जीभ ओठांवरून फिरतेच. लाळ उडून जाते आणि ओठ आणखी कोरडा पडतो. लाळेत अन्न पचवणारी द्रव्यं असतात, ती या पातळ कातडीला सोसत नाहीत. ओठ आग करायला लागतात, की पुन्हा बाम. बाम, जीभ, आग, बाम असं हे चाक फिरत राहतं. बाम एकटा दोषी नाही. माझ्या मते दहातल्या आठांच्या बाबतीत खरी गुन्हेगार जीभ असते, आणि ती आपल्याला जाणवतसुद्धा नाही.

बाम लावल्याने ओठ आळशी होतात, स्वतःचं तेल बनवायचं थांबवतात, असं ऐकलंय.

नाही. ओठांत तेल बनवायची सोयच नसल्यासारखी आहे, ती बंद कशी पडणार? या समजुतीपायी काही जण कडाक्याच्या थंडीत बाम एकदम फेकून देतात आणि आठवडाभर रक्ताळलेले ओठ घेऊन फिरतात. तसं करू नका.

दिवसातून किती वेळा म्हणजे जास्त?

सकाळी तोंड धुतल्यावर, जेवणानंतर आणि झोपताना, एवढं कुणालाही पुरावं. उन्हात काम असेल तर जास्त, त्याचं पुढे सांगितलं आहे. मोजण्यापेक्षा मी गिऱ्हाइकाला दुसरंच विचारते: कांडी घरी विसरली तर तुम्ही परत फिरता का? रात्री जाग आली की आधी उशाशी चाचपता का? लावल्यावर पाच मिनिटांत पुन्हा लावावासा वाटतो का? यातल्या एकालाही "हो" असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

माझा बाम चांगला की वाईट, हे कसं ओळखू?

पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर दुकानदाराला वाचायला सांगा, तो त्याच्या कामाचा भाग आहे. मेंथॉल, कापूर, निलगिरी, पेपरमिंट, दालचिनी, सॅलिसिलिक ॲसिड, फिनॉल, सुगंधी द्रव्य, चव: यातलं काही दिसलं तर तो बाम फुटलेल्या ओठांसाठी नाही. पेट्रोलियम जेली, मिनरल ऑइल, डायमेथिकोन, शिया बटर, सेरामाइड्स यांची नावं दिसली आणि वास-चव काही नसली तर ठीक. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीची चरबी) किंवा मधमाशांचं मेण बहुतेकांना चालतं, पण काहींना त्यांची ॲलर्जी असते.

शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर तो बाम सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावा. खाज, लाली, पुरळ उठलं तर तो ओठांना लावूच नका.

एक साधी खूण आणखी. बाम लावताच चुरचुरलं तर लोकांना वाटतं, "काम करतोय." ती चुरचुर म्हणजे ओठ नको म्हणताहेत.

हर्बल, नैसर्गिक बाम तरी चालेल ना?

दालचिनी आणि पुदिना नैसर्गिकच आहेत, पण ओठांना झोंबतात. लिंबू-साखरेने ओठ घासायचं खूळ सध्या कॉलेजच्या मुलींत फार आहे. साखरेचे कण सालीसकट नवी कातडीही ओरबाडतात. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. हळदीचंही सांगते. माझं माहेर तासगावचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मला अभिमान आहे, आमच्या घरी कशालाही पहिली हळदच लावतात. पण काहींना हळदीची ॲलर्जी असते, त्यामुळे आग होत असलेल्या ओठांवर ती नको.

मग लावू तरी काय?

पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. सगळ्यात साधी, स्वस्त, आणि पाणी अडवण्यात तिची बरोबरी करणारं फार थोडं आहे. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, म्हणजे दीडशे वर्षं लोक ती वापरताहेत. गिऱ्हाईक नाक मुरडतं, "ताई, हे तर टाचांना लावतात." लावू द्या. ओठांना तिचा फायदा हाच की तिला चव नाही, वास नाही, गारवा नाही. जिभेला तिच्यात काही सापडत नाही, हाताला तिची ओढ लागत नाही.

घरचं हवं असेल तर कोकणातून घाट चढून येणारं आमसुलाचं तेल उत्तम. घट्ट गोळा असतो. किसून वाटीत घ्यायचं, गरम पाण्यात वाटी ठेवून पातळ करायचं आणि बोटाच्या टोकावर येईल एवढंच लावायचं. आमच्या आजेसासूबाई टाचेच्या भेगांना आणि ओठांना हेच लावायच्या. साजूक तूपही चालतं, पण त्याला चव आहे. जीभ फिरत असेल तर तूप झोपतानाच लावा. मध नको, गोड आहे आणि चिकट आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठांना तर मध कधीच लावू नका, चाटवूही नका. त्यातून बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

बेंबीत तेल घातलं तर ओठ मऊ होतात का?

बेंबीपासून ओठांपर्यंत तेल जाईल अशी वाट शरीरात नाही. आजीने मायेने घातलं तर घालू द्या, अपाय नाही. ओठांचं तेल मात्र ओठांवरच लावा.

सवय मोडायची सुरुवात कुठून करू?

माझी कुठून झाली ते सांगते. संगम माहुलीच्या घाटावर सासूबाईंचा दहावा होता. पिंड मांडले होते, सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते आणि माझा उजवा हात पिशवीत कांडी शोधत होता. सापडेना, तसा जीव कासावीस झाला. समोर काय चाललंय याकडे माझं लक्षच उरलं नाही. ज्या बाईने मला लेकीसारखं सांभाळलं तिच्या दहाव्याला माझं मन माझ्या ओठांत अडकलं होतं. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बिलबुकाच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागले. बाम लावला की उभी रेघ, नुसते ओठ चाटले की आडवी. बदलायचं काही नाही, फक्त मोजायचं. पहिल्याच दिवशी उभ्या रेघा ३४ निघाल्या, आडव्यांचा तर नुसता काळा गठ्ठा झाला होता. तीन दिवस झाल्यावर त्या रेघा कुठे दाटल्यात ते पाहिलं. गिऱ्हाईक पाकिटातून पैसे काढेपर्यंतचं अर्धं मिनिट. फोन लावल्यावर पलीकडून उचलेपर्यंत. कंपनीच्या माणसाशी हिशोबाचं बोलताना. ओठ कोरडे पडण्याचा यात फारसा संबंध नव्हता. हात रिकामा झाला किंवा मन ताणलं गेलं की कांडी बाहेर येत होती.

हे मोजणं मी मनाने काढलेलं नाही. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली नखं खाण्यासारख्या सवयींसाठी जी पद्धत मांडली, तिची पहिली पायरी हीच आहे: सवय नेमकी कधी येते ते पकडणं. दुसरी पायरी म्हणजे त्याच क्षणी असं काहीतरी करायचं की जुनी हालचाल होऊच शकणार नाही. ओठ चाटायची ओढ आली की जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवायचं, ओठ हलके मिटायचे, मिनिटभर नाकाने श्वास घ्यायचा. हात कांडीकडे निघाला की मूठ मिटून मांडीवर ठेवायची किंवा पेन उचलायचं. ऐकायला फार साधं वाटतं. मला पहिल्या दिवशी ते चार वेळाच आठवलं, पण आठवड्याने दहातल्या सहा वेळा आठवायला लागलं.

याबरोबर घरातल्या कांड्या गोळा करा. माझ्या सात निघाल्या: पर्स, गल्ला, गाडीची डिकी, उशी, देवघराचा कोनाडा, दोन एप्रनच्या खिशात. एकच जेलीची डबी ठेवली, तीही घरी कपाटात. लावायची तर उठून जायला लागायचं, कपाट उघडायला लागायचं, झाकण फिरवून बोटाने घ्यायला लागायचं. खिशातली कांडी न बघता लावता येते, डबी तशी लावता येत नाही, आणि आपल्याला तेवढाच अडथळा हवा असतो.

पहिल्या दिवसांत फार त्रास होतो का?

होतो, खोटं सांगणार नाही. मेंथॉलची सवय असलेल्याला जेली लावून "काहीच लावलं नाही" असं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापुद्रे सुटतात आणि ते दाताने ओढायचा मोह अनावर होतो. ओढू नका. ओढलेल्या पापुद्र्याखाली ओली कातडी असते, ती पुन्हा फुटते. नेमाने साधी जेली लावली, जीभ आवरली, तर बहुतेकांचे ओठ दोन-तीन आठवड्यांत भरून येतात.

सवयीला मात्र जास्त वेळ द्या. लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला होता, आणि माणसामाणसात १८ ते २५४ दिवस एवढा फरक होता. तेव्हा शेजारणीची पंधरा दिवसांत सुटली आणि तुमची दोन महिने झाले तरी सुटेना, म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

बाम बदलला, चाटणं थांबवलं, तरी ओठ फुटतातच.

टूथपेस्ट बघा. तिखट पुदिन्याची, लवंग-दालचिनीची, खूप फेस करणारी पेस्ट रोज दोनदा ओठांना लागते आणि आपण बामला बोल लावतो. महिनाभर सौम्य पेस्ट वापरून पाहा, चूळ भरल्यावर ओठही पाण्याने धुवा. नाक चोंदलेलं असेल तर तोंडाने श्वास घेतला जातो, रात्रभर ओठांवरून हवा जाते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. लिपस्टिकही तपासा.

मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत, ओठांची सालं निघतात. मीही बाम कमी करू का?

आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर नाही. त्या औषधाने जवळजवळ सगळ्यांचेच ओठ सुकतात. तुम्हाला दिवसातून अनेकदा लावावं लागेल आणि ते योग्यच आहे. फक्त बिनवासाचं लावा.

पाणी जास्त प्यायलं तर?

तहान भागेल एवढं प्या. पाणी कमी पडलं तर ओठ सुकतात, पण तांब्यावर तांब्या रिचवून फुटलेले ओठ बरे होत नाहीत.

माझी मुलगी सारखी ओठ चाटते, तोंडाभोवती तपकिरी कडं आलंय.

थंडीत असं एक तरी लेकरू आठवड्याला दुकानात येतं. वरच्या ओठापासून हनुवटीपर्यंत, जीभ पोहोचते तिथपर्यंत, कंपासने काढल्यासारखं गोल. तिला रागावू नका. रागावलं की ती तुमच्यामागे चाटते. कड्यावर आणि ओठांवर जेवणाआधी आणि झोपताना जेली लावा, म्हणजे लाळ थेट कातडीला लागणार नाही. "चाटू नको" म्हणण्यापेक्षा दोघींमध्ये एक खूण ठरवा, तुम्ही नाकाला हात लावला की तिने जीभ टाळूला लावायची. चवीचा, रंगाचा बाम तिच्या हातात देऊ नका. आणि कुणाच्याही सांगण्यावरून घरातली खाजेची ट्यूब लावू नका. दुकानातून सर्रास नेल्या जाणाऱ्या अशा कित्येक ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड असतं, तोंडाभोवती त्याने पुरळ उठतं आणि ते जाता जात नाही. हे मी दुकानदार असून सांगते, आणि चिठ्ठीशिवाय ती ट्यूब मी देत नाही.

जिवण्या फुटल्यात, त्यालाही बामच लावू?

तोंडाचे कोपरे फुटणं हे वेगळं दुखणं आहे. तिथे लाळ साचून बुरशी वाढलेली असू शकते, कवळी नीट बसत नसेल, लोह किंवा बी गटातली जीवनसत्त्वं कमी असतील, मधुमेह असेल. बामने ते झाकलं जातं, बरं होत नाही. डॉक्टरांना दाखवा.

ओठ काळे पडलेत. बामनेच ना?

शक्य आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत दाह होऊन गेला की मागे काळपटपणा राहतो. वर्षानुवर्षं चाटणं, ओरबाडणं, वासाच्या बामची ॲलर्जी यांनी तो वाढत जातो. कारण थांबलं की हळूहळू फिका होतो, त्याला महिने लागतात. तंबाखू, सिगारेट, ऊन हीही कारणं आहेत, आणि काहींचे ओठ जन्मतःच गडद असतात. त्यांना गुलाबी करायची औषधं मी विकत नाही.

दिवसभर रानात, उन्हात असतो. मला किती लावायला हवं?

खालचा ओठ आभाळाकडे तोंड करून असतो, त्याच्यावर सरळ ऊन पडतं, आणि कातडीला उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य ओठांत कमी असतं. एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा, पाकिटावर असतो) ३० किंवा त्याहून जास्त असलेला, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाला बाम दर दोन तासांनी लावा. हे जास्त लावणं नाही. टोपी किंवा उपरणं असंही घ्या की सावली ओठांपर्यंत येईल. ऊसतोडीच्या दिवसांत फडातून आलेल्या बाया दुकानात येतात, त्यांचे ओठ बघवत नाहीत. जेलीची छोटी डबी आणि डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढून घेणं, एवढंच त्यांना परवडतं. तेही पुष्कळ आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तीन आठवडे साधी जेली लावून, चाटणं थांबवूनही ओठ बरे झाले नाहीत तर. सूज, पाणी सुटणं, पिवळी खपली असेल तर लगेच. खालच्या ओठावर खरखरीत पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ असेल, आणि त्यातून मिश्री, तंबाखू-चुना चालू असेल, तर एक दिवसही थांबू नका. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. सिव्हिलला, कऱ्हाडला किंवा मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवता येईल. ॲलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि मग कशाने लाली आली ते बघतात. जाताना वापरात असलेले सगळे बाम, लिपस्टिक, टूथपेस्ट पिशवीत घालून न्या.

बाम जवळ नसला की छातीत धडधडतं. हे ओठांचंच आहे का?

ते मनाकडून येत असावं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हात धुणं, पुन्हा पुन्हा कुलूप तपासणं असंही सोबत होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

मैत्रिणीची कांडी एखाद्या वेळी वापरली तर?

नको. ओठांवर पुटकुळ्या आणणारा नागिणीच्या जातीचा हर्पीसचा विषाणू अशाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि एकदा शरीरात आला की तो कायमचा मुक्काम करतो. तुम्हाला पुटकुळ्या येऊन गेल्या असतील तर तेव्हाची कांडी टाकून द्या.

तुम्ही आता किती वेळा लावता?

सकाळी आणि झोपताना. थंडीत दुपारच्या जेवणानंतर आणखी एकदा. कासच्या रस्त्याला गाडीवरून जायचं असेल तर एसपीएफवाला, वर रुमाल. ताणाच्या दिवशी हात अजूनही एप्रनच्या खिशाकडे जातो, तिथे आता पेन असतं. जेलीच्या डबीच्या बुडाला मी आणल्याची तारीख लिहून ठेवते. सध्याची मागच्या नोव्हेंबरातली आहे आणि निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.